पुनर्वसनाची जमीन

लोणावळ्याजवळचे कुरवंडे हे गाव सह्याद्रीच्या कड्यालगत वसले आहे. नागफणीचा सुळका याच परिसरातला. कोकणातून देशावर चढणारी कुरवंडे घाटाची जुनी वाटही येथलीच. 1661 मध्ये कारतलबखानाची फौज ती उतरून उंबरखिंडीत कोंडली गेली. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात दरड ही ऐकीव गोष्ट नाही.

घाटाखालच्या खालापूर तालुक्यात 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. 27 मृतदेह हाती आले, 57 माणसे सापडलीच नाहीत. त्या रात्री वाडीत नेमके किती जण होते, याचा मेळ लागायला दिवस गेले. वाचलेल्यांची सोय कंटेनरच्या घरांत करावी लागली.

पुणे जिल्ह्याने त्याआधीच माळीण पाहिले होते. 30 जुलै 2014 च्या सकाळी एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही. 151 जण मृत्युमुखी पडले. आमडे येथील नवी घरे मिळाली ती एप्रिल 2017 मध्ये. त्यानंतरच्या पहिल्याच पावसात तेथील भराव व रस्ते खचले. डोंगरात सुरक्षित सपाट जागा शोधणे किती कठीण असते, हे त्या पावसाने दाखवून दिले.

व्यापारी समाजाचा हात अशा वेळी आखडत नाही. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुलांना पुण्यात आणून त्यांचे शिक्षण पत्करले; ती मदत वर्षानुवर्षे चालली, म्हणून ती वेगळी. एरवी दानाचा ओघ पहिल्या पंधरवड्यातच असतो, आणि ब्लँकेटे पुरून उरतात. किल्लारी परिसरात 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. नवी वसाहत ऐसपैस झाली, पण अनेकांचे शेत दूर पडले. घाईत जागा ठरवली की असे होते.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 41 नुसार मदत, पुनर्वसन व पुनर्बांधणी हे स्थानिक प्राधिकरणाचेही कर्तव्य आहे. ग्रामपंचायतीला दरवर्षी विकास आराखडा करावाच लागतो. त्यात गटार, रस्ता, दिवाबत्ती असते. गाव हलवावे लागले तर ते कोठे, याला क्वचितच ओळ मिळते. कोणत्या घरात कोण राहते, भाडेकरू किती, कुणाच्या नावावर काय, या नोंदींची प्रत गावाबाहेर ठेवणे तर बिनखर्चाचे काम. दुकान जळाले तरी चोपडा वाचावा, ही व्यापाऱ्याची जुनी रीत गावालाही लागू पडते.

जमिनीचे मात्र तसे नाही. लोणावळा परिसरात सपाट तुकडा दिसला की त्याला बंगल्याचे कुंपण पडते, आणि त्या कुंपणांमागे पुण्या-मुंबईच्या व्यापारी कुटुंबांचीही नावे आहेत. यात गैर काही नाही. पण भूवैज्ञानिकांनी तपासलेली दोन-चार एकर जमीन कुरवंड्यासारख्या गावासाठी आज राखली नाही, तर दरडीनंतर ती कोणत्याही भावाने मिळणार नाही. ट्रस्टच्या वार्षिक सभेत पूरग्रस्त निधीचा ठराव होतो, तेव्हाच ग्रामसभेशी बोलून अशा जमिनीची चौकशी करता येईल. सातबारा तपासणे आणि सौदा ठरवणे या समाजाला शिकवावे लागत नाही.