आजीचं वय आणि कोर्टाची बेरीज

परवा शनिवारी लोळत लोळत सुप्रीम कोर्टाचा एक निकाल वाचला. अजून डोक्यातून जात नाहीये.

२०२१ मध्ये अहमदाबादच्या एका लहानग्याचे आई-वडील महिन्याभराच्या अंतरानं कोविडनं गेले. पोराचा ताबा कुणाकडे? वडिलांच्या आई-वडिलांकडे की मावशीकडे? गुजरात हायकोर्टानं मावशीला दिला. कारण ती वयानं लहान, अविवाहित, केंद्र सरकारची नोकरी, घरात माणसं भरपूर. आजोबा ७१चे, आजी ६३ची.

खरं सांगतो, मी मान डोलावली! ऑफिसात आम्ही व्हेंडर असेच निवडतो. कॉलम पाडा, मार्क द्या, बेरीज करा.

जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे फिरवलं. नुसतं उत्पन्न, वय, मोठं कुटुंब यावर ताबा ठरत नाही म्हणे. आता माझी आईही ६३ची. दादा-वहिनी दोघं नोकरीला, त्यामुळे पुतण्या तापात कण्हतो तोसुद्धा 'आजी, आजी' करत. तिला कुणी वयावरून नापास केलं तर? छे!

पण आपल्या समाजात वडिलांकडचे आजी-आजोबाच नेहमी जास्त चांगलं सांभाळतात, असंही कोर्ट म्हणतं. 'नेहमी'? हे काही पटलं नाही बुवा. आणि मुलगा अठराचा होईल तेव्हा आजोबा ८३चे असतील, तो कॉलम कसा खोडणार?

आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत म्हणाली, "मावशीला पोर दुरावलं नाही ना रे?"