ग्रंथांचे दैव मतपेटीत

१८१४ साली इंग्रजी फौजेने वॉशिंग्टनचे संसदभवन पेटविले. त्यात काँग्रेसचे ग्रंथालय जळाले. १८१५ साली जेफर्सन यांचे ६,४८७ ग्रंथ विकत घेण्याचे विधेयक आले, तेव्हा परभाषांतील पुस्तके कशाला, असा आक्षेप निघालाच. तरीही प्रतिनिधिगृहात ते ८१ विरुद्ध ७१, अवघ्या दहा मतांनी तरले. आज दोन्ही सभागृहांच्या दहा सदस्यांची संयुक्त समिती या ग्रंथालयाच्या कारभारावर लक्ष ठेवते, आणि तिथे मराठी ग्रंथही आहेत. ग्रंथांचे दैव असे मतांवर ठरते. म्हणून मायमराठीच्या नावाने मत मागायला येणाऱ्यास एवढेच विचारा : आमच्या ग्रंथालयात यंदा मराठी ग्रंथ किती घेतले, आणि त्याचा हिशेब तुम्ही सभागृहात कधी मागितला?