आठांपैकी एक

‘हे तर कोणताही गवंडी करील’ हा कार्ल आंद्रे यांच्या विटांवरचा आक्षेप आता जुना झाला आहे, आणि त्याला दिली जाणारी उत्तरेही. लंडनच्या टेट गॅलरीने त्यांची ‘इक्विव्हॅलंट ८’ ही कृती १९७२ मध्ये विकत घेतली. १९७६ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी तिच्यावर झोड उठवली. १२० अग्निरोधक विटा, दोन थर, प्रत्येक थरात सहा बाय दहाची मांडणी. मध्ये ना चुना, ना सिमेंट. (असे काम करून कोणताही गवंडी मजुरी मागायला धजणार नाही, हे जाता जाता.) समर्थकांनी मग औद्योगिक द्रव्याचा प्रांजळपणा, आकाराची शुद्धता इत्यादी शब्द पुढे केले. वाद सगळा विटांभोवतीच फिरत राहिला. शीर्षक फारसे कुणी वाचले नाही.

‘इक्विव्हॅलंट’ म्हणजे समतुल्य. पण कशाशी? १९६६ मध्ये न्यूयॉर्कला या मालिकेतील आठ रचना एकाच दालनात जमिनीवर मांडल्या होत्या. प्रत्येकीत १२० विटा, प्रत्येकीचे दोनच थर. एका थरातील ६० विटांचे ३×२०, ४×१५, ५×१२ आणि ६×१० असे आयत करता येतात. विटेची लांबी कोणत्या दिशेला ठेवली यावरून प्रत्येकाचे दोन, म्हणून आठ. सहा बाय दहाची हीच मांडणी, विटा फिरवल्या की लांबट आयत सोडून चौरसाच्या जवळ जाते. डोळा या रचनांना लहानमोठ्या ठरवतो आणि गणित त्याला खोटे पाडते. कृतीचा सारा अर्थ या विसंवादात आहे, आणि तो अनुभवायला किमान दोन रचना समोर हव्यात.

टेटकडे एकच आहे. यमकातला एक शब्द ठेवून दुसरा पुसून टाकावा, तसे हे झाले. त्यामुळे चिडलेल्या प्रेक्षकाला अडाणी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याच्यापुढे जे होते तेच त्याने सांगितले. शिवाय त्या विटाही मूळच्या नव्हत्या. न विकल्या गेलेल्या पहिल्या विटा भट्टीला परत गेल्या होत्या आणि ही रचना पुढे नव्या विटांनी केलेली होती. विटा बदलल्या तरी आंद्रे यांचे बिघडत नव्हते. शेजार हरवला तर मात्र सारेच बिघडते.

संग्रहातून एक कविता उचलून तिची ‘मध्यवर्ती कल्पना’ विचारणाऱ्या आपल्या पाठ्यपुस्तकांनाही हे लागू आहे. ही कृती वर्गात शिकवायची तर टेटमधले छायाचित्र दाखवण्याऐवजी विद्यार्थ्यांपुढे १२०-१२० काड्यापेट्यांचे दोन ढीग ठेवावेत.