अर्धी वर, अर्धी खाली!

मित्रांनो, आज आधी एक प्रयोग. तळहात ओला करा आणि त्यावर कपडे धुण्याची कोरडी पावडर चमचाभर घ्या. काय, हात गरम लागला ना? पावडर गरम नव्हती, पाणीही नव्हतं. मग ही ऊब आली कुठून? पावडरीतल्या कोरड्या क्षारांनी पाणी ओढून घेतलं आणि तेव्हा उष्णता बाहेर पडली. (हात मात्र लगेच धुऊन टाका हं!)

आता कारखान्यात जाऊ. रसायनांच्या, कागदाच्या कारखान्यांत कितीतरी ठिकाणी ८०-९० अंश सेल्सिअसचं पाणी वाया जातं. तुम्ही म्हणाल, मग वापरा की ते! पण कामाला हवी असते १२० अंशांची वाफ. उष्णता आपणहून जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडेच जाते. त्यामुळे ८० अंशांचं पाणी हजारो लिटर असलं, तरी त्यावर १२० अंशांची वाफ काही होत नाही. एकीकडे ते गार करून सोडून द्यायचं आणि दुसरीकडे वाफेसाठी बॉयलरमध्ये कोळसा जाळायचा. आहे की नाही उधळपट्टी?

इथे मदतीला येतो शोषण उष्णता-पंप. पावसाळ्यात घरातलं मीठ हवेतली ओल ओढून पाझरतं, ते पाहिलंत ना? लिथियम ब्रोमाइड हा क्षार म्हणजे मिठाचा महाहावरट थोरला भाऊ! याच शोषणाच्या तत्त्वावर, पण अमोनिया आणि पाणी वापरून, फ्रान्सच्या फर्दिनां कारे यांनी १८५९ साली बर्फाचं यंत्र केलं होतं.

पंपाच्या बंद टाक्यांतली हवा काढून टाकलेली असते. दाब कमी झाला की पाणी लवकर उकळतं. एव्हरेस्टच्या माथ्यावर ते साधारण ७० अंशांनाच उकळतं! म्हणून वाया जाणाऱ्या ८०-९० अंशांच्या पाण्याच्या उष्णतेवर टाकीतलं पाणी उकळतं. त्याची वाफ शेजारच्या टाकीत, क्षाराच्या दाट द्रावणाकडे जाते. द्रावण वाफेपेक्षा गरम असलं तरी ते तिला गट्ट करतं! वाफेचं पाणी होताना तिच्यातली उष्णता द्रावणाला मिळते आणि ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं. उष्णता चढ चढली की!

पण फुकट काही मिळत नाही, बरं का. पाणी पिऊन द्रावण पातळ होतं. त्यातलं पाणी उकळून काढून ते पुन्हा दाट करायला उरलेली उष्णता खर्ची पडते, आणि ती शेवटी गार पाण्याबरोबर निघून जाते. म्हणजे हा सी-सॉच! साधारण अर्धी उष्णता खाली जाते, तेव्हा जवळजवळ अर्धी वर चढते. वीज लागते ती फक्त द्रावण खेळवणाऱ्या छोट्या पंपांपुरती.

अर्धीच का होईना, पण जी सगळी वाया जाणार होती, त्यातली अर्धी! तेवढा कोळसा वाचला आणि तेवढा धूरही.

आता डोकं चालवा: गार पाणी मिळालंच नाही, तर हा सी-सॉ चालेल का? उत्तर पुढच्या आठवड्यात!