ढोल जरा कमी करू का?

गेल्या शनिवारी मित्रांच्या बँडच्या पहिल्या गाण्याचं मिक्सिंग होतं, पुण्यात. मी कशाला गेलो होतो? चहा प्यायला आणि फुकटची मतं द्यायला! :)

चौघंही महाड-पोलादपूरकडचे. दोघं एमआयडीसीत, दोघं माझ्यासारखे आयटीत. जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचं पाणी त्यांच्या तळमजल्यावरच्या सरावाच्या खोलीत शिरलं, ड्रम आणि अ‍ॅम्प चिखलात गेले. मग पैसे साठवत साठवत आता कुठे हे गाणं. गिटारवाल्याचे मामा गावाकडे खालूबाजात ढोल वाजवतात. गाण्यात तोही ढोल आहे. रेकॉर्डिंगला मामांनी क्लिकचा हेडफोन दोन मिनिटांत काढून ठेवला, "हे टिकटिक बंद करा रे, मी वाजवतो, तुम्ही मागून या." आणि खरंच सगळे मागून गेले.

घोळ झाला मिक्सिंगला. ढोल, बेस गिटार आणि किक ड्रम, तिघांचाही जोर खालच्या सुरांत. एकाच दारातून तिघं घुसायला लागले की होतं ते झालं, गाणं गढूळ. इंजिनिअरने विचारलं, "ढोल जरा कमी करू का?" चौघांनीही माना डोलावल्या. ढोल खाली गेला, गाणं एकदम स्वच्छ झालं... आणि कुठल्याही कॉलेजच्या बँडचं वाटायला लागलं.

माझं मत विचाराल तर मिक्सिंग म्हणजे आवाज वाढवणं नव्हेच. कोणी कुठे गप्प बसायचं, हे ठरवणं. आणि गप्प बसायची पाळी दर वेळी गावाकडून आलेल्यावरच का? मी तसं बोललो, जरा भांडलोच. शेवटी ढोल होता तिथे ठेवून बाकीचे सरकवले. गिटारींचा खालचा भाग छाटला, बेसमधून थोडं कापलं, आणि ढोलावर थाप पडली की बेस क्षणभर दबेल असा कॉम्प्रेसर लावला. मोबाईलच्या स्पीकरवर खालचे सूर ऐकूच येत नाहीत, म्हणून ढोलावरच्या काठीचा आवाज थोडा वर काढला.

आता कोणी म्हणेल, मिक्सिंग तिऱ्हाइताकडेच द्यावं. मान्य. आपल्या कोडमधले बग आपल्याला दिसत नाहीत, तसंच हे. मुंबईच्या इंडस क्रीडने (म्हणजे पूर्वीचे रॉक मशीन) २०१२ च्या 'इव्हॉल्व्ह' अल्बमचं मिक्सिंग टिम पामरकडे दिलं होतं, ज्याने पर्ल जॅमचा 'टेन' मिक्स केला. इतकी वर्षं मुरलेली माणसंसुद्धा बाहेरचा कान शोधतात. पण तिऱ्हाइताला काय जास्त झालंय तेवढं कळतं. काय जाता कामा नये, हे आपणच सांगायचं असतं, आणि तेही आधी. रिक्वायरमेंट न देता काम सोपवायचं आणि मग आउटपुटवर चिडायचं, हे आपण ऑफिसात रोज बघतोच की!

रात्री अकराला चौदावं व्हर्जन चालू होतं. 'बिली जीन'चे ब्रूस स्वीडिनने ९१ मिक्स केले आणि शेवटी घेतलं दुसरंच, हा त्याने स्वतः सांगितलेला किस्सा मी ऐकवला. मग सगळे हसले आणि अकरावं व्हर्जन पक्कं करून घरी गेलो.

रविवारी मामांना फोनवर गाणं पाठवलं. तासाभराने उत्तर आलं, "गिटार जरा जास्त वाटतेय. पण ढोल माझाच आहे, ओळखला."

असो. चौघांना अजूनही वाटतंय की ढोल अर्धा डेसिबल जास्तच आहे. असू दे.