‘हे असे करा’ म्हणजे नेमके कसे?

‘आता शिकायला पुस्तक कशाला? चित्रफीत पाहिली की झाले!’ हे वाक्य हल्ली साहित्यमंडळांच्या बैठकांतूनही ऐकू येते. या मताला आमचा स्पष्ट विरोध आहे. तो मांडण्यासाठी आम्ही मुद्दामच नाणे नाहीसे करण्याच्या जादूचे उदाहरण घेत आहोत. कारण नुसते पाहून शिकता येते, या समजुतीची खरी कसोटी तेथेच लागते.

जादू रचलेली असते ती डोळ्यांना फसविण्यासाठी. असे असूनही ती शिकविणाऱ्या बहुतेक चित्रफिती प्रेक्षकाच्याच जागेवरून घेतलेल्या असतात. ज्या बाजूने काही दिसू नये अशी योजना आहे, नेमके त्याच बाजूला शिकणाऱ्याला बसविले जाते. त्यातून समोरच्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. शिकविणारा म्हणतो, ‘हे असे धरा, मग असे करा, आणि हे बघा, गेले!’ यात ना बोटाचे नाव, ना दिशेचे. चित्रफीत दहा वेळा मागे नेली, तरी दहाही वेळा आपण प्रेक्षकच राहतो.

‘फ्रेंच ड्रॉप’ ही ती युक्ती. ‘प्रोफेसर हॉफमन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या अँजेलो लुईस या इंग्रज बॅरिस्टराने १८७६ च्या ‘मॉडर्न मॅजिक’मध्ये ती शब्दांत सांगितली. मराठीत ती अशी सांगता येते : डावा तळहात वर करून अंगठा, तर्जनी व मधले बोट यांच्या टोकांत नाणे आडवे धरावे. ते घेण्यासाठी उजवा हात आणावा. उजवा अंगठा नाण्याखालून बेचक्यात जावा आणि उरलेल्या बोटांनी नाणे वरून, समोरून झाकावे. ते झाकले जाताच डावा अंगठा किंचित सैल करावा. नाणे डाव्या बोटांच्या मुळाशी पडते. उजवी मूठ मिटून दूर न्यावी, आपली नजरही तिच्याबरोबर न्यावी आणि डावा हात सहज खाली सोडावा. मात्र त्याआधी नाणे अनेकदा खरोखरच उजव्या हातात घेऊन पाहावे, म्हणजे खोटे घेणे खऱ्यासारखे दिसते.

यात एकही अवघड शब्द नाही. तरीही वाचकाला हातात नाणे घेऊन वाक्यागणिक थांबता येते.

कोणी म्हणेल, गुरूही हातानेच दाखवितो. खरे आहे, पण गुरू शिष्याचा हात पाहतो, चुकले तेथे थांबवितो, ‘करंगळी उचलू नकोस’ म्हणतो. चित्रफितीला आपला हात दिसत नाही. म्हणूनच तिला शब्दांची गरज गुरूपेक्षा अधिक आहे. चित्राला आमचा विरोध नाही. १९२६ पासून टपालाने जादूचे पाठ धाडणारे हार्लन टार्बेल स्वतः चित्रकार होते. पण त्यांची चित्रे मजकुराचा हात धरून चालत.

आमची खरी चिंता जादूची नाही. हाताच्या कामाचे वर्णन मराठीतून करण्याची सवय आपण गमावत आहोत. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांच्या संपादनाखाली ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत निघाले, शरीराच्या हालचाली शब्दांत बांधण्याचे सामर्थ्य या भाषेत आहे, हे त्यांनी महाराष्ट्राबाहेर राहून सिद्ध केले. आज आपल्याच वस्त्यांतील मुले कोणतेही कौशल्य हिंदी वा इंग्रजी चित्रफितींवरून उचलतात, आणि मराठी उरते ती सणासमारंभापुरती. ज्या भाषेत काही करायला शिकविले जात नाही, ती भाषा केवळ मिरवण्याची होते.

तेव्हा मंडळांनी काव्यस्पर्धांच्या जोडीला एवढे करावे : प्रत्येक अंकात एक पान कृतीचे द्यावे. मोदकाच्या कळ्या, नऊवारीचा काष्टा, मलखांबाची अढी, नाण्याची जादू, काहीही चालेल. अट एकच. लेखकाने ते एखाद्या मुलाला वाचून दाखवावे, आपले हात मात्र पाठीमागे बांधून ठेवावेत. मुलाला जमले, तरच ते छापावे.