आपला तो बाब्या!

इस्तंबूलचे महापौर एकरेम इमामोग्लू यांची पदवी विद्यापीठाने १८ मार्च २०२५ रोजी रद्द केली आणि दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. तुर्कस्तानात पदवीविना अध्यक्षपदाची निवडणूक लढवता येत नाही, एवढे सांगितले तरी या तत्परतेचा अर्थ उलगडतो. अध्यक्ष एर्दोगान यांची एकाधिकारशाही उघडच आहे. पण अशा कारवाया पचतात त्या गटनिष्ठेमुळे. याच शहराचे महापौर असताना सभेत कविता म्हटल्याबद्दल १९९८ मध्ये एर्दोगान यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली होती. तेव्हा धर्मनिरपेक्षतेच्या अनेक कैवाऱ्यांना त्यात वावगे वाटले नाही. आज तोच दंडुका दुसऱ्या हातात आहे.

एर्दोगान यांना लोकांनीच निवडून दिले, हा आक्षेप खरा आहे. मात्र बहुमताने राज्य करण्याचा अधिकार मिळतो. प्रतिस्पर्धी कोण असावा, हे ठरवण्याचा मिळत नाही. मतदार कायमचे गटात विभागलेले असतात, हेही पूर्ण सत्य नाही. २०१९ मध्ये इस्तंबूलच्या महापौरपदाच्या निवडणुकीत इमामोग्लू सुमारे १३ हजार मतांनी जिंकले, तर ती निवडणूकच रद्द झाली. फेरमतदानात मताधिक्य आठ लाखांच्या घरात गेले. अन्याय ढळढळीत दिसला की कुंपणापलीकडचा मतदारही हलतो. म्हणून नियम मोडणाऱ्या स्वपक्षीयाला समर्थकांनीच वेळीच जाब विचारला पाहिजे. विरोधकांच्या निषेधापेक्षा सत्ताधाऱ्यांना त्याची धास्ती अधिक असते.